तांबट आळीवर माहितीपट करायचाय. हाताशी जुना कॅनन ७०० डी कॅमेरा आहे. पैसे बॉडीत (नव्या कॅमेऱ्यात) घालू की लेन्समध्ये?

कसब्यातली मी

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात कसबा पेठेत राहते, तांबट आळी घरापासून हाकेच्या अंतरावर. पेशवाईच्या काळात कोकणातून येऊन इथे वसलेल्या कारागिरांची ही आळी. पूर्वी इथे बंब, घंगाळं, हंडे, कळशा घडायच्या. आता त्याच हातांतून दिवे, वाडगे, शोभेच्या वस्तू जास्त घडतात. तांब्यावर हातोडीचे ठोके एकाला एक लागून देत गेलं की पृष्ठभागावर जी चमकदार टिकल्यांची नक्षी उठते, ते मठारकाम. त्यावर पंधरा-वीस मिनिटांचा माहितीपट करायचं ठरवलंय. दोन घरांनी आनंदाने होकार दिलाय. त्यांचं काम त्यांच्या तोलाचं दिसावं, एवढीच इच्छा.

मामेभावाने त्याचा कॅनन ७०० डी दिलाय, सोबत १८-५५ मिमी एसटीएम किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच मिळते ती. माझं बजेट सगळं मिळून तीस हजार. कारखाना म्हणजे साधारण दहा बाय बारा फुटांची खोली, एका बाजूला खिडकी, वर एक ट्यूब, कोपऱ्यात भट्टी. तिथे किट लेन्सवर थोडं शूट करून पाहिलं. खिडकीजवळचं बरं दिसतंय, आतलं सगळं दाणेदार. ओळखीतले निम्मे म्हणतात ५० मिमी घे, निम्मे म्हणतात ४के (फुल एचडीच्या चौपट बारीक चित्र) नसलेला कॅमेरा विकून टाक. ज्यांनी डीएसएलआरवर, म्हणजे अशा आरशाच्या कॅमेऱ्यावर, खरोखर व्हिडिओ केलाय त्यांचं मत हवंय.

पाषाणचा पक्षी

विषय फार सुंदर आहे, शुभेच्छा.

माझं मत मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याकडे, झुकतं. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०२० नंतर नवा डीएसएलआर काढलेला नाही. व्हिडिओच्या बाबतीत डीएसएलआरची मोठी अडचण अशी की रेकॉर्डिंगसाठी आरसा वर जातो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायच्या खिडकीत) अंधार होतो. मग मागच्या स्क्रीनवरच सगळी भिस्त, आणि उन्हात ती धड दिसत नाही. मिररलेसमध्ये व्ह्यूफाइंडरमधूनच शूट करता येतं, फोकस कुठे आहे ते रंगीत कडांनी दिसतं, एक्स्पोजरचा (चित्र किती उजळ येणार त्याचा) अंदाज आधी येतो. थोडे पैसे साठवून जुना मिररलेस घेता आला तर पुढची पाच-सहा वर्षं निभावेल.

अक्षांश साडेअठरा

पक्षी यांचे मुद्दे खरे आहेत. पण तीस हजारांत मिररलेस बॉडी घेतली तर लेन्स, माइक आणि दिवा यांना काही उरत नाही, आणि या खोलीत तेच तीन लागणार आहेत. माझ्या मते ७०० डी ठेवा.

४केचा मोह या बजेटमध्ये धरू नका. कॅननच्या स्वस्त डीएसएलआरमध्ये ४के आहे ते २०० डी मार्क २ मध्ये. पण त्यात ४के लावलं की सेन्सरचा (प्रकाश टिपणाऱ्या भागाचा) मधलाच भाग वापरला जातो, म्हणजे लहान खोलीत चौकट आणखी आवळते, आणि त्या कॅमेऱ्याचा उत्तम ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस (आपोआप फोकस धरण्याची सोय) ४केमध्ये चालत नाही. तुमच्या कामात हे दोन्ही जाचेल. नवा आणि स्वस्त म्हणून १५०० डी कोणी सुचवला तर घेऊ नका, त्याला बाहेरचा माइक लावायची जागाच नाही. ७०० डीला ती आहे, स्क्रीन बाहेर वळते, आवाजाची पातळी हाताने ठेवता येते. माहितीपटासाठी हे पुष्कळ झालं. फुल एचडीत व्हिडिओ घेणारा पहिला डीएसएलआर, कॅननचा ५ डी मार्क २, २००८ साली आला. त्याआधी मोठ्या सेन्सरची अशी चौकट सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हती. तुमच्या हातात त्याच वाटेवरचा, नंतरचा कॅमेरा आहे.

आता लेन्स. 'कुठली चांगली' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून आधी टेपने खोली मोजा. कॅननच्या या सेन्सरची रुंदी साधारण २२ मिमी. म्हणून हिशेब सोपा आहे: कॅमेऱ्यापासून माणसापर्यंतचं अंतर गुणिले २२, भागिले लेन्सचे मिमी. जे उत्तर येईल तेवढी रुंदी चौकटीत मावते. दहा बाय बाराच्या खोलीत ट्रायपॉड आणि तुम्ही धरून माणसापासून फार तर आठ फूट मागे जाता येईल. त्या आठ फुटांवर १८ मिमीमध्ये पावणेदहा फूट मावतात, २४ मध्ये सव्वासात, ३५ मध्ये पाच आणि ५० मध्ये जेमतेम साडेतीन. म्हणजे ५० वर बसलेला कारागीर कंबरेपासून वर दिसेल. त्याच्या भोवतीची भट्टी, भिंतीला टेकवलेले पत्रे, शेजारी बसलेला भाऊ, सगळं चौकटीबाहेर. आपली चाळ-वाड्यातली घरं पाहता '५० घ्या' हा सल्ला इथे आंधळेपणाने चालत नाही.

पण ५० टाकून द्यायची लेन्सही नाही. किट लेन्स ५५ ला पोचते तेव्हा एफ/५.६ वर येते (एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त). ५० ची एफ/१.८ त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. किटवर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) ६४०० लागत असेल तिथे हिला ८०० च्या आत भागतं. ७०० डीचं चित्र १६०० पर्यंत स्वच्छ वाटतं, त्यापुढे दाणे डोळ्यांत भरतात. हात, हातोडी, पत्र्यावर उमटणारा ठोका, चेहरा, यासाठी ५० हवीच.

आणखी एक. २४ मिमी एफ/२.८ ची चपटी लेन्स लोक डोळे मिटून सुचवतात. लहान आहे, हलकी आहे, चित्र छान देते. पण किट लेन्स २४ ला साधारण एफ/४ असते. म्हणजे फायदा एकाच स्टॉपचा, प्रकाश दुप्पट, त्याहून जास्त नाही. शिवाय किटमधलं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरण्याची सोय) तिच्यात नाही. अंधारावर तोडगा म्हणून ती घेणार असाल तर नको.

एकांकिकावाला

वरचा हिशेब वहीत लिहून ठेवला. माझ्याकडे निकॉन डी ५३०० आहे. कॉलेजच्या एकांकिकेच्या तालमी शूट करतो, आणि स्पर्धेच्या दिवशी भरत नाट्य मंदिरात मागून पूर्ण प्रयोग. मित्राची ५० एफ/१.८ डी लावली तर ऑटोफोकस होतच नाही. आणि लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर चित्र बघणं) चालू असताना अॅपर्चर (लेन्सचं कमी-जास्त उघडणारं तोंड) फिरवलं तरी चित्रात काही बदलत नाही. लेन्स बिघडली आहे का?

अक्षांश साडेअठरा

लेन्स ठीक आहे. डी ५३०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही आणि 'डी' लेन्समध्येही नाही, म्हणून फोकस हातानेच करावा लागेल. तुम्हाला 'एएफ-एस' लिहिलेली लेन्स हवी. तिच्यात मोटर असते. डीएक्स ३५ एफ/१.८ जी ही तुमच्या कॅमेऱ्यासाठी सगळ्यात उपयोगी स्वस्त लेन्स आहे. तालमीच्या खोलीत ती ५० पेक्षा जास्त कामाला येईल. 'एएफ-पी' लेन्स घेतलीत तर आधी कॅमेऱ्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) नवं करून घ्या.

अॅपर्चरचं म्हणाल तर त्या मॉडेलची रचनाच तशी आहे. लाइव्ह व्ह्यू बंद करा, अॅपर्चर ठेवा, पुन्हा चालू करा. प्रयोगाआधी एकदा ठरवलं की मध्ये हात लावायचा नाही. स्टेजवर प्रकाश सतत बदलतो, पण तो बदल नाटकाचा आहे, तो दिसू द्या. ऑटो एक्स्पोजर ठेवलं तर ब्लॅकआउटमध्ये कॅमेरा काळोख उजळायला जाईल आणि प्रकाशयोजना करणाऱ्याची सगळी मेहनत वाया जाईल.

पेठकर

उशिरा येतोय. लग्नं, मुंजी, अरंगेत्रं असं बरंच काम केलंय, कॅसेटच्या काळापासून.

ताई, लेन्सच्या आधी दिव्याचं बोलू. तुमच्या खोलीत एक खिडकी आहे, ही मोठी संपत्ती आहे. कारागिराला विनंती करून बैठक खिडकीच्या बाजूला हलवता येते का बघा. मात्र त्याच्या कामाच्या सोयीत फरक पडता कामा नये. प्रकाश समोरून नको, बाजूने यावा. मठारकामाचा प्रत्येक ठोका म्हणजे एक उथळ खळगी. प्रकाश आडवा आला की खळगीच्या एका कडेला चमक आणि दुसरीला सावली येते आणि काम उठून दिसतं. समोरून दिवा मारलात तर तीच नक्षी सपाट होते. दुसऱ्या बाजूला पांढरं थर्माकोल धरा, सावल्या मऊ होतील.

वरची ट्यूब शूटच्या वेळी बंद ठेवा. खिडकीचा प्रकाश निळसर, ट्यूबचा वेगळा, भट्टीचा केशरी. तिन्ही एकत्र आले की तांब्याचा खरा रंग हरवतो, आणि या विषयात तांब्याचा रंग हरवून कसं चालेल? एक एलईडी पॅनल घ्या, खिडकीच्या रंगाशी जुळवून ठेवा, पांढऱ्या कापडातून सोडा. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर अजिबात नको. पांढरा कागद दाखवून ठरवून टाका. भट्टीचं केशरी तेवढं राहू द्या, ते तिथलंच आहे.

चकाकीबद्दल कोणी पोलरायझर फिल्टर घ्या म्हणेल. पाण्यावरची, काचेवरची चमक त्याने कमी होते. उघड्या धातूवरची होत नाही. तिथे दिव्याची जागा बदलणं आणि दिवा मोठा, मऊ करणं हाच उपाय. एक्स्पोजर तांब्यावरच्या चमकेला धरून ठेवा, अंधाऱ्या कोपऱ्याला धरून नाही. चमक एकदा पांढरी फटक झाली की एडिटिंगमध्ये परत येत नाही. हा कॅमेरा आठ बिटांचा आहे (रंगांच्या छटा मोजक्याच नोंदवतो), नंतर ओढाताण सहन करत नाही.

आणि मेन्यूत जाऊन व्हिडिओ सिस्टिम 'पाल' (PAL) करा, सेकंदाला २५ फ्रेम. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. शटर १/५० सेकंद ठेवलं की दिवे लुकलुकत नाहीत आणि हालचालही डोळ्याला पटेल अशी येते. ३० फ्रेम आणि १/६० ठेवलं की ट्यूबखाली चित्रात पट्टे फिरताना दिसतात. कितीतरी जण त्याला कॅमेऱ्याचा दोष समजतात.

नादखुळा

काका, दिव्याचं लाख बोललात. आता आवाजाचं मी बोलतो, कारण इथं आवाज हाच हिरो हाय.

ताई, ऑटो लेव्हल पहिल्यांदा बंद करा. ऑटोवर काय होतं, ठोका पडला की कॅमेरा घाबरून आवाज खाली ओढतो आणि दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत परत वर चढवतो. मग खोलीची घरघर फुगतीय, दबतीय, फुगतीय असं ऐकू येतं. हाताने लेव्हल लावा, आणि सगळ्यात मोठा ठोका पडतो तेव्हा काटा लाल होणार नाही इतकी खाली. मोठा ठोका उणे सहा डेसिबलच्या आसपास राहिला की पुरे. तुमच्या कॅमेऱ्याला हेडफोन लावायला जागा नाही, म्हणजे काय चाललंय ते शूट करताना कळणार नाही. म्हणून मी तर वेगळा छोटा रेकॉर्डरच सांगेन. नसेल तर मोबाइलला कॉलर माइक लावून त्यावर रेकॉर्ड करा. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, एडिटिंगमध्ये दोन्ही आवाज जुळवायला तेवढी पुरते. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत आवाजाच्या लाटांवरनं आपोआप पण जुळतं.

मुलाखत आणि काम एकाच वेळी घेऊ नका. शेजारच्या घरातले ठोके पण आत येणार. ज्या वेळी आळी जेवायला थांबते ती वेळ विचारून घ्या आणि तेव्हा बोलतं करा. खोलीत सगळा धातू, भिंती उघड्या, आवाज घुमणार. मागे एक गोधडी आणि बाजूला एक सतरंजी टांगा, चौकटीबाहेर. कॉलर माइक छातीवर, तोंडापासून वीतभर.

आणि ठोके वेगळे रेकॉर्ड करा, नुसता आवाज, चित्राची फिकीर न करता. जाड पत्र्याचा वेगळा, पातळाचा वेगळा, भांडं आकाराला येत जाईल तसा सूर बदलत जातो. एडिटिंगला बसाल तेव्हा हे सोनं आहे. रिकाम्या खोलीचा मिनिटभर आवाज पण घ्या, तुकडे जोडताना मधे भरायला लागतो.

टेकडीवर सकाळी

लेन्सच्या चर्चेत जुन्या मॅन्युअल लेन्सचं नाव निघालं नाही म्हणून लिहितोय. व्हिडिओत फोकस हाताने फिरवायचा असेल तर एसटीएम (आतल्या मोटरने फोकस होणाऱ्या) लेन्सची फोकसची कडी तितकी भरवशाची नाही. ती इलेक्ट्रॉनिक आहे. कॅमेरा बंद असला की नुसती फिरते, आणि ५० एसटीएमवर अंतराच्या खुणाही नाहीत. कारागिराच्या चेहऱ्यावरून हातावर फोकस न्यायचा आणि परत त्याच जागी आणायचा तर जुन्या लेन्सवर ते सहज जमतं. तिची कडी दोन्ही टोकांना थांबते, बोटांना जागा लक्षात राहते.

कॅननचा एक फायदा असा की सेन्सर आणि माउंट (लेन्स बसते ती जागा) यांच्यातलं अंतर ४४ मिमी आहे आणि निकॉनचं ४६.५. म्हणून जुन्या निकॉन एआय आणि एआय-एस मॅन्युअल लेन्स साध्या धातूच्या अॅडॅप्टरने कॅननवर बसतात आणि अनंतापर्यंत फोकस होतो. एम-४२ आट्यांच्या (स्क्रूसारख्या फिरवून बसवायच्या) लेन्सही बसतात. उलटं नाही. एकांकिकावाल्या मित्रा, तुझ्या निकॉनवर एम-४२ लावायला भिंगाचा अॅडॅप्टर लागतो, नाहीतर लांबचं स्पष्ट होत नाही. नादी लागू नकोस.

रविवारी आणि बुधवारी जुन्या बाजारात कधीकधी अशा लेन्स दिसतात. घेताना मोबाइलचा टॉर्च मागून मारून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. ती लेन्स फुकट दिली तरी बाकीच्यांजवळ ठेवू नका. अॅपर्चरच्या पात्यांवर तेल आहे का, कडी अडकते का, तेही बघा.

पुण्याच्या पावसाळ्यात स्वतःच्या लेन्सही जपायला हव्यात. कॅमेऱ्याच्या बॅगेत चार महिने बंद ठेवणं सगळ्यात वाईट. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल, एक छोटा आर्द्रतामापक. चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राहिलं की चिंता नाही. आणि आठवड्यातून एकदा लेन्स वापरा, उजेड लागू द्या.

पाषाणचा पक्षी

बुरशीला अनुमोदन. आणि आधीच्या चर्चेनंतर माझं मत थोडं बदललंय. कॅननच्या ईएफ, म्हणजे डीएसएलआरच्या, लेन्स पुढे कंपनीच्या अॅडॅप्टरने त्यांच्या आर मालिकेच्या मिररलेसवर ऑटोफोकससकट चालतात. म्हणजे आज लेन्समध्ये घातलेला पैसा बुडत नाही. बॉडी नंतर बदलता येईल.

मॅजिक लँटर्नबद्दल कोणी सांगितलं का? ७०० डीवर चालतं. कॅमेऱ्याच्या कार्डावर राहणारी जादाची प्रणाली आहे. फोकसच्या रंगीत कडा, जास्त उजळ भागावर पट्टे, रेकॉर्डिंग चालू असताना आवाजाचा काटा, हे सगळं स्क्रीनवर मिळतं. मी मिररलेसच्या बाजूने जे मुद्दे मांडले त्यातले दोन त्याने सुटतात. फर्मवेअरची ते सांगतात तीच आवृत्ती हवी, आणि कंपनीचा त्याला पाठिंबा नाही, हे समजून मगच घाला.

कसब्यातली मी

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. धागा छापून भिंतीला लावलाय.

काकांनी सांगितल्याप्रमाणे बैठक खिडकीकडे घेतली, ट्यूब बंद, थर्माकोल भावाने धरलं. किट लेन्सवरही तीच खोली ओळखू येईना इतका फरक पडला. मैत्रिणीची ५० मिमी मागून आणली. हातांचे शॉट पाहून त्या घरातल्या आजोबांनी कॅमेरा स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा पुन्हा बघितला. म्हणाले, हा ठोका कुठे पडतो ते आमच्या पोरांना असं दाखवता येईल. तेव्हाच वाटलं की हे नीट करायलाच हवं.

आता दोन अडचणी. ५० वर पूर्ण उघड्या अॅपर्चरला हातोडी वर गेली की धूसर, खाली आली की स्पष्ट, आणि कधी दोन्ही धूसर. ऑटोफोकस तर ठोक्यागणिक पुढेमागे शोधत राहतो. आणि पूर्ण खोलीच्या शॉटसाठी काय घेऊ? सिग्मा कंपनीच्या १८-३५ एफ/१.८ लेन्सबद्दल वाचलं, पण ती बजेटमध्ये बसत नाही.

अक्षांश साडेअठरा

पहिल्या अडचणीचं कारण: ५० मिमी, एक मीटर अंतर, एफ/१.८ असं असताना पुढून मागे स्पष्ट दिसणारा पट्टा साधारण पावणेतीन सेंटिमीटर. हातोडी त्यात मावणारच नाही. एफ/४ वर हाच पट्टा सहा सेंटिमीटर होतो. दिवा आता आहे, तेव्हा एफ/४ परवडेल.

आणि ऑटोफोकस बंद करा. हातोडीच्या मागे धावू नका. ठोका जिथे पडणार ती ऐरणीवरची जागा ठरलेली असते, कारागीर भांडं फिरवत जातो पण ठोक्याची जागा हलवत नाही. लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठं करून त्या जागेवर फोकस लावा आणि सोडून द्या. हातोडी वरून धूसर येईल आणि ठोक्याच्या क्षणी लख्ख होईल. नजरही तिथेच जायला हवी. कॅमेरा बाजूने ठेवलात, म्हणजे हातोडी चौकटीला समांतर वर-खाली होईल असा, तर ती वरही बऱ्यापैकी स्पष्ट राहील.

काही शॉट ७२० मध्ये (फुल एचडीहून लहान चित्रात) सेकंदाला ५० फ्रेमवर घ्या, शटर १/१००. एडिटिंगमध्ये २५ च्या टाइमलाइनवर टाकलं की गती निम्मी होते. ठोक्यानंतर पत्रा थरथरतो ते त्यात दिसतं. फार वापरू नका, दोन-तीन जागी पुरे. पूर्ण माहितीपट संथ केलात तर त्यांच्या हाताचा खरा वेग, जो पाहण्यासारखा आहे, तोच हरवेल.

सिग्मा विकत घेऊ नका, दिवसाच्या भाड्याने घ्या. पुण्यात लेन्स भाड्याने देणारे बरेच आहेत. ओळखपत्र आणि अनामत लागते. १८ ला ती तुमच्या किटच्या जवळजवळ चौपट प्रकाश देते आणि झूम करताना अॅपर्चर बदलत नाही. जड आहे, आठशे ग्रॅमच्या वर, आणि स्टॅबिलायझेशन नाही, तेव्हा ट्रायपॉडवरच. पूर्ण खोलीचे सगळे शॉट त्याच दिवशी उरका. कॅननची १०-१८ एफ/४.५-५.६ लेन्स स्वस्त आहे आणि खोली फार ऐसपैस दाखवते, पण तुमच्या उजेडात कमी पडेल, आणि कडेला बसलेला माणूस ओढल्यासारखा दिसतो. कारागिराचा चेहरा असा वाकडा दिसलेला मला तरी आवडणार नाही.

पेठकर

सहमत. खरेदी माझ्या मते अशी करा: ५० मिमी स्वतःची, कॉलर माइक, एक एलईडी पॅनल, भक्कम ट्रायपॉड, जादा दोन बॅटऱ्या आणि चांगल्या कंपनीची दोन कार्डं. ट्रायपॉड जुना मिळाला तरी चालेल, पण तो हलका नको. ऐरणीच्या ठोक्याने जमीन हादरते आणि काटकुळा ट्रायपॉड ते चित्रात दाखवतो. पायांखाली रबराचे तुकडे ठेवा. फुल एचडीत हा कॅमेरा मिनिटाला साधारण ३३० एमबी लिहितो, म्हणजे तासाला वीस जीबी. ३२ जीबीच्या कार्डावर दीड तास. सलग एकोणतीस मिनिटं एकोणसाठ सेकंदांनी रेकॉर्डिंग आपोआप थांबतं, मुलाखतीत हे लक्षात असू द्या. कार्ड त्याच रात्री दोन ठिकाणी उतरवा.

आणि झालेला माहितीपट आधी त्या दोन घरांना दाखवा, मग बाहेर. त्यांना काही काढावंसं वाटलं तर काढा.

एकांकिकावाला

पेठकर काका, विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशा पथक शूट करायचंय, त्यालाही हेच लागू का?

नादखुळा

आवाजाला हो, पण लेव्हल आणखी खाली. ढोलाच्या समोर उभा राहू नकोस, बाजूला दहा-पंधरा पावलं जा. आणि गुलाल उडत असताना लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही. घरून एकच लावून निघ, पुढे साधा यूव्ही फिल्टर, बॉडीवर प्लास्टिक. गुलाल एकदा सेन्सरवर बसला की निघता निघत नाही.

कसब्यातली मी

यादी घेऊन जातेय. शेवटचं विचारते. आळीतून फिरतानाचे दिवसाचे शॉट १/५० वर एकदम पांढरे येतात, म्हणून एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) घ्यायचा आहे. किटचा व्यास ५८, ५० मिमीचा ४९, भाड्याच्या सिग्माचा ७२. तीन फिल्टर घ्यायचे का?

अक्षांश साडेअठरा

एकच घ्या, ७२ चा, आणि दोन स्टेप-अप रिंगा (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवायला): ५८ ते ७२ आणि ४९ ते ७२. रिंग स्वस्त असते. भर उन्हात १/५० आणि आयएसओ १०० ला एफ/२२ लागतो. एफ/२.८ वर यायचं तर सहा स्टॉप कमी करावे लागतात. आळीत बहुतेक वेळ वाड्यांची सावली असते, तिथे तीन स्टॉप पुरतील. म्हणून फिरवून कमी-जास्त होणारा व्हेरिएबल एनडी सोयीचा. १८ मिमीवर तो शेवटपर्यंत फिरवू नका, चित्रावर काळी फुली उमटते. त्यापेक्षा अॅपर्चर एफ/५.६ ठेवा आणि फिल्टर मध्यावर.